मुलगी सौरऊर्जेच्या क्षेत्रात जावी म्हणून: आठवीपासून पहिल्या नोकरीपर्यंत आणि पुढेही

विज्ञानात मुली मागे पडतात, हे म्हणणं आता सोडून द्यायला हवं. दहावी-बारावीच्या निकालात मुली वर्षानुवर्षं पुढे आहेत. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांत पदवी घेणाऱ्यांमध्ये भारतात मुलींचं प्रमाण 40 टक्क्यांच्या वर गेलं आहे. पण छतावरच्या सौर प्रकल्पांच्या क्षेत्राची 2019 मध्ये पाहणी झाली, तेव्हा आपल्याकडे तिथे काम करणाऱ्यांत बायका जेमतेम 11 टक्के निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक ऑफिसात होत्या. प्रत्यक्ष उभारणी आणि देखभालीत त्यांची संख्या नगण्य होती. त्याच सुमारास जगभरात अक्षय ऊर्जा क्षेत्रात बायकांचं प्रमाण 32 टक्के होतं.

मुली वर्गात आहेत, साइटवर नाहीत. मधे त्या कुठे गळतात ती ठिकाणं ठरलेली आहेत: दहावीनंतरचा जून महिना, शिक्षणानंतरची पहिली नोकरी आणि लग्नानंतरची दोन-तीन वर्षं. 11 फेब्रुवारीच्या विज्ञानातल्या मुली-महिलांच्या दिवशी, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी आणि 8 मार्चच्या महिला दिनी होणाऱ्या भाषणांनी ही गळती थांबत नाही. बसची वेळ, वसतिगृह, उत्पन्नाचा दाखला, हातात आलेलं अवजार आणि साइटवरचं स्वच्छतागृह यांनी ती थांबते. म्हणून या लेखात प्रेरणेपेक्षा व्यवस्थेबद्दल जास्त लिहिलं आहे. तो पालकांसाठी आहे, विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आहे, आणि चार माणसं घेऊन सोलरची कामं करणाऱ्या तालुक्याच्या ठेकेदारासाठीही आहे.

सौरऊर्जाच का, तर हे काम आता आपल्या दारापर्यंत आलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य 1 कोटी घरांचं आहे. घरगुती प्रकल्पाला 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाला एकूण 78,000 रुपये अनुदान आहे. शेतात कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले पंप बसताहेत. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे, आणि ब्राह्मणवेलच्या किंवा साताऱ्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या तर त्याच्याही आधीपासून फिरताहेत. हे सगळं बसवायला, तपासायला, दुरुस्त करायला माणसं लागतात, आणि ती त्याच तालुक्यातली असली तर सगळ्यांनाच सोयीचं पडतं. मुलीला पुण्या-मुंबईला पाठवायचं नाही म्हणून तिचं शिक्षण थांबवणाऱ्या घरांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

पहिली पायरी: आठवी-नववीत तिच्या हातात मल्टिमीटर द्या

शाळेतल्या प्रयोगशाळेत मुलामुलींचा मिश्र गट केला की काय होतं ते पाहा. उपकरण मुलगा धरतो आणि निरीक्षणं मुलगी लिहिते, कारण ‘तिचं अक्षर चांगलं आहे’. कुणी मुद्दाम करत नाही, पण वर्षभर हेच चाललं की दहावीपर्यंत तिला प्रयोगाची वही सुंदर जमते आणि तारा जोडायची मात्र धास्ती वाटते. उपाय सोपा आहे. काही तासिकांना फक्त मुलींचे गट करा. मिश्र गट असेल तर दर दहा मिनिटांनी उपकरण पुढच्या हातात गेलंच पाहिजे, असा नियम करा आणि तो पाळला जातोय की नाही याकडे स्वतः लक्ष द्या.

आता प्रयोग. 6 व्होल्टचं छोटं सोलर पॅनल आणि साधा डिजिटल मल्टिमीटर (विजेचा दाब आणि प्रवाह मोजायचं उपकरण), दोन्ही मिळून काही शे रुपयांत येतात. लाल तार मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या खाचेत घाला, बटण थेट प्रवाहावर म्हणजे डीसी अँपिअरवर ठेवा आणि पॅनलच्या दोन तारा मल्टिमीटरच्या दोन टोकांना जोडा. हे फक्त या छोट्या पॅनलवरच करायचं. घरच्या प्लगला किंवा छतावरच्या मोठ्या पॅनलांना मल्टिमीटर असा कधीही लावायचा नाही, हे मुलींकडून म्हणवून घ्या.

डिसेंबरमधल्या एखाद्या स्वच्छ दुपारी बाराच्या सुमारास पॅनल जमिनीवर सपाट ठेवून आकडा लिहून घ्या. मग कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजून ते दक्षिणेकडे साधारण 18 अंश कलतं करा. पुणे-नगर पट्ट्यात आकडा जवळजवळ एक चतुर्थांशाने वाढलेला दिसेल. हाच प्रयोग मे महिन्यात केला, की सपाट ठेवलेलं पॅनल कलत्या पॅनलाला मागे टाकतं, कारण तेव्हा सूर्य थेट डोक्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे मे महिन्यातच येतो. गावाचा अक्षांश आणि पॅनलचा कल यांचा संबंध मुली स्वतः शोधून काढतात. सांगायची घाई मात्र करू नका.

मग पॅनलचा एकच चौकोन, म्हणजे एक सेल, बोटाने पूर्ण झाकायला सांगा. झाकलेला भाग थोडासाच, पण प्रवाह धाडकन खाली येतो. सगळ्या मुली एकदम ‘असं कसं?’ म्हणतात. सेल एकामागे एक रांगेत जोडलेले असतात, त्यामुळे एक अडला की सगळी रांग अडते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पाण्याच्या टाकीची सावली, अंगणातला कडुलिंब, छताचा कठडा यांकडे ती मुलगी वेगळ्या नजरेने बघू लागते. साइट सर्वेला जाणारा अभियंताही छतावर गेल्यावर आधी हेच बघतो. एका चौदा वर्षांच्या मुलीने शाळेच्या छताचा सावली-नकाशा काढला, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चारला खडूने रेघा आखल्या, तर ती व्यवसायातलं खरं काम करते आहे, आणि तिला तसं स्पष्ट सांगायला हवं.

याच तासाला अण्णा मणींबद्दल सांगा. केरळमधल्या पीरमेडच्या या भौतिकशास्त्रज्ञ 1948 मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केलं होतं, प्रबंधही लिहिला होता. पण एमएस्सी नाही या कारणावरून त्यांना पीएचडी मिळाली नाही. पुढे त्यांनी हवामानाची उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांचे आराखडे प्रमाणित केले आणि 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने सौर प्रारण, म्हणजे उन्हातून येणारी ऊर्जा मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं देशभर उभं केलं. 1980 आणि 1981 मध्ये त्यांची भारतातल्या सौर प्रारणाच्या मोजमापांवरची दोन पुस्तकं आली. त्यानंतर त्यांनी वाऱ्याच्या वेगाची मोजणी हाती घेतली. एखाद्या गावात किती ऊन पडतं याचा हिशेब आज संगणकावर क्षणात मिळतो. या देशात त्या मोजमापाचा पाया एका बाईने पुण्यात बसून घातला आहे. मल्टिमीटर हातात असतानाच हे ऐकलेलं मुलींच्या मनात राहतं. सभागृहात रांगेत बसवून सांगितलं तर राहत नाही.

या वयात परीक्षांचीही मदत घ्या. सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. तिच्यात लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो, म्हणून ती मला विशेष मोलाची वाटते. आठवीला एनएमएमएस परीक्षा आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आतल्या घरातल्या मुलीला त्यातून नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये मिळतात. ‘पुढे शिकवायला पैसे कुठून आणायचे’ या प्रश्नाला एवढ्या रकमेनेही बरंच उत्तर मिळतं. विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेसाठी शाळेने मुलीची कल्पना पाठवावी. निवड झाली तर 10,000 रुपये थेट विद्यार्थिनीच्या खात्यात येतात. जवळ नवोदय विद्यालय असेल तर केंद्र सरकारचा ‘विज्ञान ज्योती’ उपक्रम तिथे चालतो का, याची चौकशी करा. तो नववी ते बारावीच्या मुलींसाठीच आहे.

दुसरी पायरी: घरच्यांशी बोलणं, आणि तेही जूनच्या आधी

मुलीला पटलं म्हणजे झालं, असं समजून आपण इथे चुकतो. निर्णय बहुतेक वेळा आई-वडील, आजी आणि एखादा मामा मिळून घेतात. त्यामुळे शिक्षकांनी दहावीच्या निकालाची वाट न पाहता जानेवारी-फेब्रुवारीतच घरी जाऊन यावं. शाळेच्या पालकसभेत आई गप्प बसते, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती मोकळेपणी बोलते.

‘बाई, आमची पोरगी खांबावर चढणार का हो?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यावर ‘मुली काय वाट्टेल ते करू शकतात’ असं मोघम बोलू नका. सरळ सांगा: चढावं लागलं तर पट्टा बांधून, शिकून चढेल. महावितरणमध्ये महिला जनमित्र हे काम करतातच. पण सोलरमध्ये खांबावर न चढता करायची कामंही ढीगभर आहेत. छताचं मोजमाप, संगणकावर आराखडा, महावितरणकडे नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा अर्ज, माल तपासणी, चालू प्रकल्पाची वीज मोबाइलवर बघून बिघाड ओळखणं, ग्राहकाला हिशेब समजावणं. मग वडिलांचा प्रश्न येतो, पगाराचा. तिथे आकडा फुगवून सांगू नका. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, पण परवाना आणि अनुभव जमला की स्वतःचा ठेका घेता येतो, हे जसं आहे तसं सांगितलेलं माणसं मानतात.

शक्य असेल तर आईला एकदा चालू कामावर घेऊन जा. ज्या घरावर पॅनल बसलं आहे तिथल्या बाईशी तिची गाठ घाला. त्या घरचं वीजबिल तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की आपल्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी: दहावीनंतरचा रस्ता

चार रस्ते आहेत, आणि कुठल्या घरातल्या मुलीला कुठला बरा, याबद्दल माझं मत मी स्पष्ट मांडणार आहे.

लवकर कमवायची गरज असेल तर आयटीआय. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा दोन वर्षांचा ट्रेड, किंवा ‘सोलर टेक्निशियन (इलेक्ट्रिकल)’ हा एक वर्षाचा. एक वर्षाचा ट्रेड मोहात पाडतो, पण माझा सल्ला दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियनचाच आहे. सोलरचं काम थंडावलं तरी त्या प्रमाणपत्रावर महावितरणची विद्युत सहायकाची भरती, कारखाने, घरगुती वायरिंग असे दहा दरवाजे उघडे राहतात. सोलरचं ज्ञान त्यावर नंतर चढवता येतं. आयटीआयमध्ये मुलींना 30 टक्के जागा राखीव आहेत, आणि इलेक्ट्रिशियनच्या तुकडीत त्या बऱ्याचदा पूर्ण भरतही नाहीत. अनेक ठिकाणी मुली शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरच्या ट्रेडकडे वळवल्या जातात. प्रवेशाच्या खिडकीवर कुणी ‘मुलीला हा ट्रेड कशाला’ म्हणालं, तर तिच्यासोबत मोठं माणूस असणं फार उपयोगी पडतं.

दहावीला बरे गुण आहेत पण घरची ओढाताण आहे, अशा मुलीसाठी मला सर्वांत चांगला वाटतो तो पॉलिटेक्निकचा रस्ता. दहावीला किमान 35 टक्के लागतात, तीन वर्षांत इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होतो आणि पुढे थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाता येतं. म्हणजे अठरा-एकोणिसाव्या वर्षी तिच्या हातात नोकरीलायक कागद असतो, आणि पुढचा दरवाजाही बंद होत नाही. वसतिगृहाची काळजी असणाऱ्या पालकांसाठी लातूर, यवतमाळ आणि तासगाव इथे शासनाची निवासी महिला तंत्रनिकेतनं आहेत. ही माहिती गावोगावी पोहोचलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरा रस्ता अकरावी-बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटीमधून अभियांत्रिकीचा. इथे एकच गोष्ट घट्ट धरा: गणित सोडू देऊ नका. ‘मुलगी आहे, बायोलॉजी बरं’ म्हणत अकरावीला गणित टाकलं, की इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि ऊर्जा अभियांत्रिकी हे सगळे दरवाजे सोळाव्या वर्षीच बंद होतात. ते पुन्हा उघडणं फार कठीण जातं. फक्त मुलींसाठी कॉलेज हवं असेल तर पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं कमिन्स कॉलेज 1991 पासून आहे. जेईईची तयारी करणाऱ्या मुलीला हेही सांगा की 2018 पासून आयआयटींमध्ये मुलींसाठी अतिरिक्त जागा आहेत, आणि आयआयटी मुंबईत ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे.

चौथा रस्ता शुद्ध विज्ञानाचा: बीएस्सी, पुण्याच्या आयसरसारख्या संस्था, मग संशोधन. सोलर सेलचं द्रव्य, बॅटरीचं रसायन, हवामानाचा अंदाज, ही सगळी कामं याच रस्त्यावर आहेत. बारावीच्या परीक्षेत बोर्डात वरच्या 1 टक्क्यात येणाऱ्या आणि मूलभूत विज्ञान निवडणाऱ्या विद्यार्थ्यांना इन्स्पायर-शी शिष्यवृत्तीतून वर्षाला 80,000 रुपये मिळतात. त्यातले 20,000 रुपये उन्हाळी प्रकल्पासाठी असतात.

पैशांचं गणित आता बरंच सोपं झालं आहे, पण ते माहीत असायला हवं. 2024-25 पासून महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा. एजंटच्या नादी लागून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की माफी गेली. याशिवाय एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती खास मुलींसाठी आहे. डिप्लोमाला किंवा पदवीला वर्षाला 50,000 रुपये मिळतात, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, आणि उत्पन्नाची मर्यादा इथेही 8 लाखच. दोन्हींचा लाभ एकत्र घेता येतो का, हे अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्या.

कागदांची तयारी मार्चमध्येच करा: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो, आणि मुलीची जागा एका दाखल्यापायी जाते. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक पासबुकावर तिचं नाव एकसारखं आहे ना, वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसकट, हे तपासा. खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं असावं.

चौथी पायरी: रोजचं जाणं-येणं

ही पायरी लिहायला छोटी आहे, पण मुली शिक्षण सोडतात ते बहुतेक इथे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, आणि मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकल आणि त्यांच्यासाठीच्या बसगाड्याही मिळतात. एवढं असूनही संध्याकाळची गाडी प्रॅक्टिकल संपण्याआधीच निघत असेल, तर सरपंच, शाळा आणि पालकांनी सह्यांचं निवेदन घेऊन आगारप्रमुखांना भेटावं. असं निवेदन देऊन वेळ बदलून घेता येते. आणि एका गावातून एकटी मुलगी पाठवण्यापेक्षा दोघींना एकाच संस्थेत पाठवा. जोडी असली की घरचे निर्धास्त राहतात, आणि पहिल्या सत्रात कुणी टोमणे मारले तरी मुली टिकतात.

पाचवी पायरी: शिकतानाच हात काळे होऊ द्या

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिला एखाद्या सोलर ठेकेदाराकडे पाठवा. ऑफिसात बसून बिलं टाइप करायला नव्हे, साइटवर. छतावर तिने काय काय पाहावं, हे थोडं सांगतो.

हल्लीचं 540 वॅटचं पॅनल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि 28 किलोच्या आसपास वजनाचं असतं. ते दोघांनी उचलायचं असतं, पुरुषांनीही. म्हणजे माणशी 14 किलो. डोक्यावर दोन भरलेल्या घागरी घेऊन चढण चढणाऱ्या बायकांच्या राज्यात ‘मुलींना झेपणार नाही’ हे कुणी म्हणू नये. खरी जोखीम विजेची आहे. अशी दहा पॅनलं रांगेत जोडली की उघड्या टोकांना 500 व्होल्टच्या आसपास थेट दाब असतो. ऊन असेपर्यंत पॅनल बंद करता येत नाही, आणि चालू प्रवाहात जोड उपटला तर पेटलेली ठिणगी घरच्या विजेच्या ठिणगीसारखी आपसूक विझत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद, मग मीटरने खात्री, आणि त्यानंतरच पॅनलच्या तारा जोडणाऱ्या एमसी-फोर कनेक्टरला हात, हा क्रम तिने पाठ नव्हे तर सवयीचा करायला हवा. अर्थिंग मोजायला शिकावं, कारण पावसाळ्याच्या तोंडावर बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात. पट्टा, हेल्मेट आणि बूट स्वतःच्या मापाचे मागून घ्यावेत. पुरुषाच्या मापाचा ढिला पट्टा बाईला वाचवत नाही.

1 किलोवॅटला सावलीविना सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने रोज 4 युनिटच्या आसपास वीज मिळते. एवढ्या दोन आकड्यांवर ती कुठल्याही घराचा कच्चा हिशेब तोंडी सांगू शकते. ग्राहकासमोर तो तिलाच सांगू द्या. बोलण्यातली भीड तिथेच मोडते.

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या, अठरा वर्षं पूर्ण असलेल्या मुलींसाठी ‘सूर्यमित्र’ हे साधारण तीन महिन्यांचं विनाशुल्क प्रशिक्षण आहे. आपल्या जिल्ह्याजवळचं केंद्र शोधा, आणि मुलींच्या राहण्याची सोय आहे का हे फोनवर नव्हे, जाऊन बघा. सोबत आराखडे काढायचं ऑटोकॅड आणि सौर प्रकल्पाचा हिशेब मांडायचं पीव्हीसिस्ट ही सॉफ्टवेअर शिकून घेतली तर आराखड्याच्या कामातही हात बसतो. आणि परवाना! वायरमन किंवा सुपरवायझरचा परवाना मिळाला की ठेकेदाराला तिच्या सहीची गरज लागते. या क्षेत्रात सहीचा अधिकार आला की माणसाचं वजन वाढतं. मुलीने त्याचा अर्ज शिक्षण संपल्या संपल्या करावा, ‘बघू नंतर’ म्हणू नये.

सहावी पायरी: पहिली नोकरी, आणि ठेकेदारांशी चार शब्द

मुलाखतीला जाताना मुलीने आपलेही प्रश्न न्यावेत. साइटवर ने-आण कोण करणार? अजून कुणी बाई कामावर आहे का? नेमणुकीचं पत्र मिळेल का, भविष्यनिर्वाह निधी कापतात का? पहिल्या वर्षी साइटचं काम किती आणि ऑफिसचं किती? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तिला सुरुवातीपासून फोन आणि फायलींवर बसवलं, तर तीन वर्षांनी साइट इंजिनीअरच्या जागेसाठी ‘तुला अनुभव नाही’ हेच उत्तर मिळतं.

ठेकेदार मित्रांनो, एका मुलीला घेऊन बघू, असं करू नका. घ्यायच्या तर दोन घ्या. एकटी मुलगी सहा पुरुषांबरोबर दिवसभर अनोळखी छतावर राबते, दुपारी स्वच्छतागृह कुठे विचारायलाही तिला संकोच वाटतो, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात तिला चक्कर येते. मग सगळे म्हणतात, मुलींना हे काम जमत नाही. ग्राहकाला आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या आमच्या दोन तंत्रज्ञ ताई येतील, स्वच्छतागृह वापरायला लागेल’ एवढं सांगणं ही फुकटची व्यवस्था आहे. शेतातल्या पंपाच्या कामाला गाडीत एक घडीचा तंबू ठेवा. तुमचा फायदाही सांगतो. दुपारी घरी फक्त बायका असतात. तुमची तंत्रज्ञ बाई असेल तर दार उघडतं आणि बोलणं मोकळं होतं.

कायदाही माहीत असू द्या. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी 2013 च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून छोट्या ठिकाणी काम करणारी मुलगी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. समितीचा पत्ता आणि फोन तिच्याकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असावा.

सातवी पायरी: लग्न, मूल आणि पुन्हा सुरुवात

लग्न ठरवताना मुलीचा पगार सांगितला जातो, पण कामाचं स्वरूप झाकलं जातं. तसं करू नका. ‘आमची मुलगी साइटवर जाते, कधी उशीर होतो’ हे बैठकीतच सांगा. ज्यांना चालणार नाही ते तिथेच कळेल. बाळंतपणाची 26 आठवड्यांची भरपगारी रजा पात्र आस्थापनांत हक्काची आहे. तिच्याकडे उपकार म्हणून बघायचं कारण नाही. मूल लहान असताना छतावरचं काम थांबवून आराखडे, प्रकल्पांची दुरून देखरेख, ग्राहकांचे अर्ज अशी कामं मागून घ्यावीत, म्हणजे क्षेत्राशी नाळ तुटत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा या काळात अभ्यासून ठेवता येते. संशोधनात खंड पडलेल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा वाइज-किरण कार्यक्रम आहे.

ज्यांचं शिक्षणच सुटलं, त्यांचं काय? लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने भूकंपानंतरच्या काळात जोडल्या गेलेल्या गावोगावच्या बायकांना पुढे सौरदिवे आणि सुधारित चुली विकणाऱ्या उद्योजिका म्हणून उभं केलं. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने अक्षरओळख नसलेल्या आज्यांना सोलर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवली, तीही तारांचे रंग आणि खुणा यांच्या आधारे. तुमच्या बचत गटाला पॅनल धुण्याचं आणि तपासणीचं काम गावातल्या दहा-वीस घरांपासून सुरू करता येईल. पॅनल पहाटे किंवा संध्याकाळी, थंड असतानाच धुवायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. मऊ फडकं, साधं पाणी, साबण नको, क्षाराचं पाणी नको. महिन्याचा दर ठरवा, घरागणिक वही ठेवा, आणि मीटरवरचा त्या दिवसाचा युनिटचा आकडा धुण्याआधी आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा लिहा. ग्राहकाला तो दाखवला की पुढच्या महिन्याचं बोलावणं आपोआप येतं.

काम वाढलं की ठेका, जीएसटी नोंदणी आणि बँक खातं बाईच्याच नावावर करा, आणि मोबाइलवर येणारा ओटीपीही तिच्याच फोनवर येऊ द्या.